मदत हवी आहे: फ्रान्समधल्या मार्सेयच्या संध्याकाळच्या टूरवर फोटो हलतात (उद्याच जायचंय!)

भटकी_मनी: आम्ही दोन दिवस मार्सेयला आहोत. काल संध्याकाळच्या टूरवर दीडशेच्या वर फोटो काढले, एक धड नाही. टेकडीवरच्या नोत्र-दाम द ला गार्द चर्चचं शेवेच्या पुडीवर तेल सांडावं तसं पिवळं फराटं झालंय. वरची मेरीची सोनेरी मूर्ती म्हणजे नुसता पांढरा ठिपका. उद्या संध्याकाळी शेवटची संधी. काय सेटिंग ठेवू? लवकर सांगा, इथे आत्ता रात्रीचे अकरा वाजलेत.

गोदाकाठ: कॅमेरा कुठला? लेन्स? महिना सप्टेंबरच ना? टूर किती वाजता?

आयएसओ_काका: ट्रायपॉड. दुसरं काही नाही. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ (भिंगाचं छिद्र; आकडा लहान तर छिद्र मोठं) ८, शटर चार सेकंद उघडं, दोन सेकंदांचा टायमर लावून हात मागे. मी तीस वर्षं असंच काढतोय.

तिन्हीसांज: काका, तिथे मिस्ट्राल नावाचा वारा सुटतो, तुमच्या ट्रायपॉडचा पतंग होईल. मनीताई, मोबाइलचा नाइट मोड वापरा. डीएसएलआर कॅमेऱ्याचं ओझं हल्ली कोण वाहतं?

आयएसओ_काका: मधल्या दांड्याला पिशवी अडकवायची, म्हणजे वाऱ्याची काय बिशाद. आणि मोबाइलच्या फोटोला मी फोटो म्हणत नाही.

पुणेकर_७७: शहराचं नाव मार्सेलिस असं लिहावं. शाळेत सगळ्यांनी तेच वाचलंय.

तिन्हीसांज: फ्रेंच लोक मार्सेय म्हणतात. आपण 'पूना' म्हटलं की तुम्हालाच राग येतो ना?

पुणेकर_७७: मुद्दा तो नाही. सावरकरांनी उडी मारली ते मार्सेलिस. ८ जुलै १९१०, मोरिया बोट. ती जागा बघितलीत का? तिचा फोटो टाका, बाकी चर्च काय सगळीकडेच असतात.

गोदाकाठ: उडी सकाळची होती, धागा संध्याकाळच्या फोटोंचा आहे. शिवाय मोठ्या आगबोटी तेव्हा जुन्या बंदरात नाही, जोलिएटच्या बाजूच्या गोद्यांत लागत. हेगच्या लवादाचा १९११ चा निकाल जरूर वाचा, पण वेगळ्या धाग्यावर. मनीताई, कॅमेरा??

भटकी_मनी: सकाळी उठून बघते तर अर्धा धागा सावरकरांवर! कॅमेरा साधा डीएसएलआर, सोबत आलेली १८-५५ लेन्स, ऑटोवर. फ्लॅश आपोआप उघडत होता. आणि काका, ट्रायपॉड कुठे लावू? डेक सतत डुलतो.

आयएसओ_काका: डेक?

भटकी_मनी: अहो बोटीवरची टूर आहे. जुन्या बंदरातून निघते, शातो दीफ किल्ल्याच्या बेटाला वळसा घालून परत. साडेसहाला सुटते, सव्वाआठला आणून सोडते. मी लिहिलं नव्हतं का?

गोदाकाठ: नव्हतं :) आता सगळंच बदललं. बोटीवर ट्रायपॉड बिनकामाचा, कारण तो बोटीबरोबरच हलतो. नाइट मोडही नको. तो काही सेकंदांत बरेच फोटो घेऊन एकत्र जुळवतो, बोट पुढे सरकली की दिव्यांच्या दोन-दोन आकृत्या येतात.

मी हे करीन: मोड 'एस' किंवा 'टीव्ही' (शटरची वेळ आपण ठरवायची, बाकी कॅमेरा बघतो), शटर १/१०० सेकंद. आयएसओ ऑटो, कमाल ६४००. लेन्स १८ वरच ठेवा, तिथे एफ ३.५ मिळतं, झूम केलं की ५.६ होतं आणि उजेड निम्म्याहून कमी होतो. फ्लॅश बंद, तो तुमच्या पुढच्या रांगेतल्या टकलांपलीकडे जात नाही. मूर्तीवर सोन्याचा मुलामा आहे, तिच्यावर दिव्यांचे झोत असतात आणि कॅमेरा भोवतालचा अंधार बघून फोटो उजळवतो. म्हणून एक्स्पोजर (फोटोचा एकूण उजेड) उणे १. कठड्याला कोपरं टेकू नका, इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात येते. गुडघे सैल सोडून उभ्या राहा आणि एकेका जागी चार-पाच फोटो सलग घ्या.

वेळ तुमच्या बाजूने आहे. सप्टेंबरअखेर तिथे साडेसातच्या आसपास मावळतं, म्हणजे परततानाची वीस मिनिटं आकाश गडद निळं आणि दिवे लागलेले. बंदराच्या तोंडाशी बोट हळू होते, तेव्हाच काढा. आत येताना डावीकडे म्यूसेम हे संग्रहालय आणि सेंट-जाँ किल्ला, उजवीकडे फारोचा राजवाडा आणि टेकडीवर चर्च.

तिन्हीसांज: हे सगळं खरं, पण बोट सोडूनच द्या. पालिकेच्या इमारतीसमोरच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर शिडांच्या डोलकाठ्या आणि वर चर्च. जमीन तरी हलत नाही.

भटकी_मनी: बोटीचे पैसे भरलेत हो, परत मिळत नाहीत.

आयएसओ_काका: मग बोटीवरून उतरून ट्रायपॉड लावा.

भटकी_मनी: (परवाच्या उत्तरांबद्दल) उशिरा लिहितेय, प्रवासात होते. गोदाकाठ, १/१०० ने काम झालं. दोनशेत अकरा चांगले. म्यूसेमची जाळी निळसर दिव्यांत अगदी क्रोशाच्या विणकामासारखी आलीय. मूर्तीच्या कडेवरचं बाळसुद्धा ओळखू येतं! तिथले लोक तिला 'बॉन मेर' म्हणतात, म्हणजे भली आई. शेजारच्या आजींनी दाखवून दाखवून सांगितलं. पण घरी सगळ्यांना आवडला तो नवऱ्याच्या मोबाइलवरचा. धक्क्यावर वास्तुरचनाकार नॉर्मन फॉस्टरने बांधलेलं आरशाचं छत आहे, ४६ मीटर लांब, त्याच्याखाली उभं राहून वर बघितलं की आपण उलटे लटकलेले. त्यात मी तोंड उघडं टाकून वर बघतेय.

तिन्हीसांज: बघा, मोबाइल!

पुणेकर_७७: आणि ती जागा?

वाटाड्या_नाशिक: धागा आत्ता पाहिला. सगळी उत्तरं वाचली नाहीत, पण रात्रीच्या फोटोंना ट्रायपॉड हवाच. माझ्याकडे एक आहे, दोनदाच वापरलेला, विकायचाय. हवा असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.