जॉय जेम्स यांची ‘कॅप्टिव्ह मॅटर्नल’ म्हणजे नेमकी कोण?

प्रश्न:
एमएच्या सेमिनारसाठी अमेरिकी राजकीय विचारवंत जॉय जेम्स वाचतेय. तीन दिवस या एका शब्दापाशी अडलेय. वहीत ‘बंदिस्त आई’ लिहिलं, खोडलं. कुणी उलगडून सांगाल का?

प्रतिसाद १:
ताई, आधी एरिका गार्नर बघा. २०१४ साली न्यूयॉर्कमधल्या स्टेटन आयलंडवर पोलिसाने गळा आवळला आणि तिचे वडील एरिक गेले. ती त्याच फुटपाथवर आडवी पडून निषेध करायची. २०१७च्या डिसेंबरात, बाळ काही महिन्यांचं असताना, हृदयविकाराने तीही गेली. वय २७! जेम्स म्हणतात, अशांची माया घरदार जगवते, पण त्याच कष्टांवर छळणारी व्यवस्थाही तगते. आणि ही बाईच असते असं नाही; जो सांभाळतो तो.

प्रतिसाद २:
सोबत अमेरिकेची तेरावी घटनादुरुस्ती वाचा. १८६५ला गुलामगिरी संपली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीच्या श्रमाला मुभा राहिली. जेम्स ज्यावर लिहितात ती ‘तुरुंगच नकोत’ ही मागणी समजायला ही पळवाट कळायलाच हवी. जोतीरावांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली. ते पान वाचताना मला आजही भरून येतं.

प्रश्नकर्ती:
‘आई’ काढलं. आता ‘बंदिवान माया’ लिहिलंय. चालेल?