नेत्यांसाठी आकलनचाचणीची सक्ती असावी का?

प्रश्न (रामबाग, इंदूर)

सप्रेम नमस्कार. आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत नुकताच या विषयावर बराच वाद झाला, म्हणून येथील जाणकारांपुढे प्रश्न मांडत आहे. डोनाल्ड ट्रम्प यांना 'मोका' नावाच्या आकलनचाचणीत ३० पैकी ३० गुण मिळाल्याचे त्यांच्या डॉक्टरांनी जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले होते. एप्रिल २०२५ मध्येही तेवढेच गुण जाहीर झाले. मधल्या काळात जो बायडेन यांची २७ जून २०२४ ची अडखळती वादचर्चा साऱ्या जगाने पाहिली आणि २१ जुलैला त्यांनी अध्यक्षपदाच्या निवडणुकीतून माघार घेतली.

आपल्याकडे मात्र चर्चा होते ती केवळ वयाची. सुमित्राताई महाजन इंदूरहून आठ वेळा लोकसभेत गेल्या, लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या, आणि २०१९ मध्ये त्यांनी निवडणूक न लढवण्याचे पत्र जाहीर केले, तेव्हाही सर्वत्र बोलले गेले ते पक्षातील पंचाहत्तरीच्या मर्यादेबद्दल. जन्मतारखेवरून क्षमता ठरवणे मला अन्यायाचे वाटते. मोरारजी देसाई पंतप्रधान झाले तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. मग वयाची अट लावण्याऐवजी सत्तरीपुढील प्रत्येक उमेदवाराने अर्जासोबत अशा चाचणीचे गुण जाहीर करावेत, असा नियम का नसावा?

उत्तर १ (निवृत्त मेंदूविकारतज्ज्ञ, इंदूर)

आपला हेतू योग्य आहे, परंतु ज्या साधनावर आपण भिस्त ठेवत आहात ते या कामासाठी घडवलेलेच नाही. मोका ही चाचणी मॉन्ट्रियल येथील डॉ. झियाद नसरेद्दीन यांनी तयार केली आणि तिचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंशाच्या आधीची सौम्य घसरण दवाखान्यात दहा मिनिटांत लक्षात यावी, एवढाच तिचा उद्देश आहे. घनाकृतीचे चित्र पाहून काढणे, अकरा वाजून दहा मिनिटे दाखवणारे घड्याळ काढणे, सिंह, गेंडा आणि उंट ओळखणे, पाच शब्द ऐकून काही वेळाने आठवणे, शंभरातून सात-सात वजा करत जाणे आणि आजची तारीख सांगणे, असे तिचे स्वरूप आहे. २६ किंवा अधिक गुण सर्वसाधारण मानले जातात, आणि ज्यांचे शिक्षण बारा वर्षे किंवा त्याहून कमी आहे त्यांना एक गुण वाढवून दिला जातो.

आता यात राज्यकारभाराला लागणारे काय तपासले गेले, ते पाहावे. परस्परविरोधी सल्ल्यांमधून निवड करणे, राग आवरणे, धोक्याचा अंदाज घेणे, नवी माहिती पुढे आल्यावर आधीचे मत बदलणे, यांपैकी काहीही त्या कागदावर नाही. मेंदूच्या पुढच्या भागाचा असा एक स्मृतिभ्रंश आहे की ज्यात सुरुवातीला स्मरण बरेचसे शाबूत राहते, पण वागण्यातील विवेक ढासळतो; अशा रुग्णाला आरंभीच्या काळात या चाचणीत चांगले गुण मिळू शकतात. उच्चशिक्षित आणि भाषेवर प्रभुत्व असलेला माणूस आपली घसरण बराच काळ झाकून नेतो, हाही आम्हा डॉक्टरांचा नेहमीचा अनुभव आहे. शिवाय तीच चाचणी पुन्हा दिली की सरावाने गुण वाढतात, आणि म्हणूनच तिच्या पर्यायी आवृत्त्या तयार कराव्या लागल्या.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. मूळ अभ्यासातच निरोगी व्यक्तींपैकी सुमारे १३ टक्के जणांचे गुण २६ च्या खाली आले होते. म्हणजे ठणठणीत अशा शंभर उमेदवारांना ही चाचणी दिली, तर बारा-तेरा जणांवर विनाकारण शिक्का बसेल. नैराश्य, 'बी-१२' जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, झोपेची औषधे किंवा नुसते कमी ऐकू येणे, यांमुळेही गुण घटतात, आणि यांतील बहुतेक गोष्टींवर उपाय असतो. शिक्षणाचा परिणाम तर फार मोठा आहे. हरियाणातील बल्लभगढ परिसरातील निरक्षर ग्रामस्थांसाठी १९९५ च्या सुमारास वेगळी हिंदी चाचणी रचावी लागली, कारण परदेशी चाचणीतील लेखन-वाचनाचे प्रश्न त्यांना लागू पडत नव्हते. शाळेची पायरी न चढलेली एखादी कर्तबगार महिला सरपंच आणि इंग्रजी शाळेतून आलेला उमेदवार यांना एकाच कागदावर तोलणे मला वैद्यकीय दृष्ट्या मान्य नाही.

उत्तर २ (गृहिणी, सुदामानगर, इंदूर)

डॉक्टरसाहेबांनी विवेकाबद्दल लिहिले आहे, ते मी माझ्या वडिलांच्या आजारपणात अनुभवले आहे. बाबांना तारखा, नातेवाइकांची नावे, बँकेतील जुने हिशेब सगळे आठवत असे. पण ज्या माणसाने आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवला, तो अनोळखी लोकांना उसने पैसे देऊ लागला आणि विचारले की संतापू लागला. पहिल्या तपासणीत त्यांचे गुण चांगले आले, आणि त्यामुळे पुढचे कितीतरी महिने आम्ही निर्धास्त राहिलो. बदल सर्वांत आधी आईला कळला होता, परंतु चारचौघांत त्यांची अब्रू जाईल या भीतीने तिने तो कोणालाही सांगितला नाही.

घरात हे मायेपोटी घडते. नेत्याच्या भोवती असणाऱ्यांचे तर पद, पैसा आणि भवितव्य त्याच्या खुर्चीशी बांधलेले असते, तेव्हा ते तोंड उघडतील ही अपेक्षा कशी करावी? मला गुणांपेक्षा हा प्रश्न जास्त छळतो.

उत्तर ३ (वकील, इंदूर खंडपीठ)

काकूंनी नेमका मुद्दा मांडला आहे, आणि त्याला इतिहासाचा भक्कम आधार आहे. ऑक्टोबर १९१९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा त्यांच्या पत्नीने आणि डॉक्टरांनी आजाराचे खरे स्वरूप लोकांपासून दडवले, आणि मार्च १९२१ पर्यंत ते पदावर राहिले. अमेरिकेने १९६७ मध्ये पंचविसावी घटनादुरुस्ती करून उपाध्यक्ष आणि बहुसंख्य मंत्री यांना अध्यक्ष असमर्थ असल्याचे लेखी कळवण्याचा अधिकार दिला, पण अध्यक्षाच्या इच्छेविरुद्ध ते कलम आजवर एकदाही वापरले गेलेले नाही. ज्यांना त्यानेच नेमले, त्यांनीच त्याच्याविरुद्ध सही करायची, ही त्यातील अडचण आहे.

आपल्याकडील स्थिती अशी की संविधानाच्या अनुच्छेद १०२ नुसार सक्षम न्यायालयाने विकल मनाची ठरवलेली व्यक्तीच संसद सदस्यत्वास अपात्र होते. विधानसभेसाठी अनुच्छेद १९१ मध्ये तशीच तरतूद आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हेही स्पष्ट करतो की मानसिक आजाराचे निदान झाले एवढ्यावरून कोणालाही विकल मनाचे मानता येणार नाही, आणि ही तरतूद मला मोलाची वाटते. उमेदवाराच्या शपथपत्रात गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण यांची माहिती द्यावी लागते, प्रकृतीची नाही. म्हणजे न्यायालयाची घोषणा आणि संपूर्ण मौन यांच्यामध्ये आपल्याकडे काहीच नाही. जॉर्ज फर्नांडिस यांना २००९ मध्ये पक्षाने प्रकृतीचे कारण देऊन उमेदवारी नाकारली, ते अपक्ष लढून हरले, आणि त्याच वर्षी राज्यसभेवर गेले. पुढे त्यांचा अल्झायमर सर्वांना कळला आणि त्यांची देखभाल कोणी करावी हा वाद दिल्ली उच्च न्यायालयात पोहोचला. १९७४ चा रेल्वे संप उभा करणाऱ्या त्या नेत्याच्या वाट्याला हे यावे, याचे आजही वाईट वाटते.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. १९६४ मध्ये एका अमेरिकी मासिकाने अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्या मानसिक योग्यतेबद्दल मनोविकारतज्ज्ञांची मते मागवली, आणि ज्यांनी त्यांना कधी तपासले नव्हते अशा हजाराहून अधिक जणांनी त्यांना अयोग्य ठरवले. गोल्डवॉटर यांनी खटला भरून तो जिंकला, आणि न तपासलेल्या व्यक्तीबद्दल व्यावसायिक मत देऊ नये, हा नियम तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये केला. भाषणात अडखळलेल्या नेत्याची दहा सेकंदांची चित्रफीत पाहून निदान करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग वाचावा, मग तो नेता आपल्या आवडत्या पक्षाचा असो वा नावडत्या.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

आपणा तिघांचेही मनःपूर्वक आभार. गुण जाहीर करण्याचा आग्रह मी सोडतो. तरीही मतदाराने केवळ विश्वासावर राहावे का? तपासणी कोणी करावी आणि मतदाराला किती सांगावे?

उत्तर ४ (निवृत्त मेंदूविकारतज्ज्ञ)

नेत्याच्या खासगी डॉक्टरांनी ती करू नये, एवढे निश्चित. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील मेंदूविकारतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांचे मंडळ असावे, आणि ते पंतप्रधान वा मुख्यमंत्र्यांनी नेमलेले नसावे. दहा मिनिटांच्या कागदाऐवजी काही तास चालणारी सविस्तर तपासणी व्हावी, तीही त्या व्यक्तीच्या स्वतःच्या भाषेत. निकटच्या माणसांशी स्वतंत्रपणे बोलावे, आणि दरवर्षीच्या निष्कर्षाची मागील वर्षाशी तुलना करावी, कारण एका दिवसाच्या आकड्यापेक्षा घसरणीचा वेग अधिक सांगून जातो. ही तपासणी सत्तरीपुरती नसावी; पदावर असलेल्या प्रत्येकाची व्हावी, कारण पक्षाघात वय पाहून येत नाही. काम करण्यास अडथळा आहे की नाही, एवढेच मंडळाने जाहीर करावे आणि बाकी तपशील गोपनीय राहावा.

उत्तर ५ (वकील)

सहमत आहे, मात्र एक अट घालावीशी वाटते. त्या निष्कर्षावरून कोणाचाही उमेदवारी अर्ज फेटाळला जाऊ नये. एकदा तो अधिकार मंडळाला दिला की विरोधकाला बाद करण्यासाठी मंडळावरच दबाव येऊ लागेल. निष्कर्ष सभागृहापुढे ठेवावा. बहुमताचा विश्वास राहिला की नाही हे ठरवण्याचा अधिकार सभागृहाकडे आजही आहे, आणि त्यानंतर मतदाराकडे.