मदत हवी आहे: पत्रकारिता आणि पीआर (जनसंपर्क), एकाच वर्गाला नीतिमत्ता कशी शिकवू?

नमस्कार मंडळी,

चौदा वर्षं बातम्यांच्या डेस्कवर काढली. आता पुण्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर 'माध्यम नीतिमूल्ये' शिकवते. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांना पीआरमध्ये जायचंय (पगार बघता दोष तरी कसा द्यायचा!).

पत्रकारितेचा भाग जमला. टिळक-आगरकरांपासून सुरुवात केली. कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्धची पत्रं खरी मानून छापली, ती बनावट निघाली आणि १८८२ मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. कोल्हापूरच्या महाराजांबद्दलचा कळवळा खरा होता, पण खातरजमेचं काय? पोरं तासभर भांडली. मग २००९ च्या निवडणुकीतलं पेड न्यूज, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्या. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीचा पूर्ण अहवाल २०११ मध्ये माहिती आयोगाच्या आदेशानंतर बाहेर आला, हे ऐकून तर वर्ग गारच.

घोडं अडलं ते पुढे. एक मुलगी म्हणाली, "मॅम, पत्रकार परिषदेत पाकीट घेऊ नका, असं तुम्ही सांगता. पुढच्या तासाला सर पत्रकारांना काय काय द्यायचं ते शिकवतात. आम्ही कुणाचं ऐकायचं?" मी म्हटलं, वेळ संपली. संपली नव्हती.

'खोटं बोलू नका' एवढ्यावर पीआरमध्ये भागत नाही. तिथे खोटं क्वचितच बोलतात, अर्धं सांगतात. पीआरचा जनक म्हणवला जाणाऱ्या अमेरिकेच्या एडवर्ड बर्नेजनं १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्टर परेडमध्ये बायकांच्या हाती सिगारेटी दिल्या, स्वातंत्र्याच्या मशाली म्हणून. पैसा सिगारेट कंपनीचा. हे सांगितलं, तर पोरं म्हणाली, "भारी कॅम्पेन!"

मला जवळची उदाहरणं हवीत. पीआरमध्ये काम केलेल्यांनो, कुठली प्रेसनोट लिहिताना हात अडखळला? नावं नकोत.

प्रतिसाद, जुना एजन्सीवाला:
कारखान्यात अपघात झाला होता. दोन कामगार आयसीयूत, आणि मला 'किरकोळ दुर्घटना' लिहायला सांगितलं. लिहिलं. 'किरकोळ' हा शब्द अजून टोचतो. ताई, हाच प्रसंग वर्गात द्या. अर्ध्यांना प्रेसनोट लिहू द्या, अर्ध्यांना वार्ताहर करा, आणि दुसऱ्या दिवशी बाजू बदला. उपदेश अजिबात नको, झोपतात.

धागाकर्ती:
बाजू बदलायचं सुचलंच नव्हतं! शुक्रवारी करून बघते. दादा, दुसऱ्या दिवशी पेपरात काय छापून आलं होतं?

जुना एजन्सीवाला:
'किरकोळ दुर्घटना.' जसंच्या तसं.