प्रतिसाद: सत्तरीनंतरचं आयुष्मान कार्ड
राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाचं सत्तरीवरचं कार्ड शहरातल्या पेन्शनवाल्यांच्याच कामाचं, असं वर म्हटलंय. मला नाही पटत. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अटच नाही. आयुष्मान योजनेच्या गरीब कुटुंबांच्या यादीत नाव नसलं तरी वर्षाला ५ लाखांपर्यंतचे मोफत उपचार मिळतात. अडतं ते दुसरीकडेच.

माझ्या आईने यवतमाळकडे जन्मभर कापूस वेचला. बोंडांच्या टोकांनी बोटं पार गुळगुळीत झालीत. कार्ड काढायला गावातल्या केंद्रावर तीनदा अंगठा लावला, तिन्हीदा यंत्राने घेतला नाही. तिथला पोरगा म्हणाला, "होत नाही, घेऊन जा." आई म्हणे, "माह्या बोटाले रेघाच नाई राह्यल्या, बाप्पा." फार लागलं ते. शेवटी मीच मोबाइलवर आयुष्मान अॅप उघडलं, अंगठ्याऐवजी चेहऱ्याची पडताळणी निवडली, तिला अंगणात उजेडाला बसवलं, कपाळावरचा पदर मागे घ्यायला लावला, लगेच झालं. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीनेही होतं. वय मात्र आधारवरचंच धरतात, म्हणून आधी जन्मतारीख बघून घ्या. आमच्या काकांचं तिथे चार वर्षं कमी लागलंय, ते अजून दुरुस्तीच्या रांगेत आहेत.