एक्स-रेच्या मागणीत ‘काय शोधताय’ हे लिहिणं सक्तीचं असावं का?

क्षकिरण:
मी बरीच वर्षं हाडांच्या दवाखान्यात एक्स-रे काढतोय. परवा साठीच्या एक बाई चिठ्ठी घेऊन आल्या. चिठ्ठीवर दोनच शब्द: ‘एक्स-रे गुडघा’. कोणता, ते नाही. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, दोन्ही दुखतात, पण डॉक्टरांनी डावा दाबून बघितला. मग टेबलावर झोपवून डाव्याची समोरून आणि बाजूने अशी फिल्म घेतली. दहा मिनिटांत बाई परत दारात. डॉक्टरांना दोन्ही गुडघे हवे होते, तेही उभं राहून.

त्यांचं बरोबरच होतं. झिजेचा संशय असेल तर गुडघ्यावर वजन पडायला हवं. झोपवलं की सांध्यातली फट मोकळी दिसते, उभं केलं की तीच बुजलेली दिसते. चिठ्ठीवर नुसतं ‘झीज आहे का’ एवढं असतं तरी मी बाईंना उभंच केलं असतं. आता त्यांनी पुन्हा कपडे बदलले, पुन्हा रांगेत थांबल्या आणि अंगावर पुन्हा किरण घेतले.

म्हणून माझं म्हणणं असं: कोणती बाजू, उभं की झोपून आणि काय शोधताय, हे भरल्याशिवाय सिस्टीमने मागणी पुढे जाऊच देऊ नये.

प्लास्टरवाला:
मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. तुमची तळमळ कळते, पण सक्तीला माझा ठाम विरोध. ओपीडी भरलेली असताना सक्तीचा रकाना समोर आला की माणूस ‘दुखणं’ असं टाइप करतो आणि पुढे जातो. रकाना भरलेला दिसतो, माहिती मात्र शून्य. अमेरिकेने सीटी-एमआरआयच्या बाबतीत हे करून पाहिलंय. मागणी करण्याआधी डॉक्टरांनी ती योग्य आहे का हे संगणकाच्या मदतीने तपासावं, असा कायदा २०१४ मध्ये झाला. अंमलबजावणी वर्षानुवर्षं पुढे ढकलली गेली आणि २०२४ मध्ये ती थांबवलीच.

उपाय साधा आहे: तयार संच. ‘गुडघा-झीज’ निवडलं की दोन्ही गुडघे, उभं राहून, हे आपोआप यावं. ‘गुडघा-मार’ निवडलं की वेगळ्या फिल्म. एका क्लिकचं काम.

रिपोर्टवाली:
रेडिओलॉजिस्ट म्हणून बोलते. संच चांगले, पण संचाने प्रश्न संपत नाही. ‘मनगट-मार’ घ्या. हातावर पडलेला तरुण, अंगठ्याच्या मुळाशी जो खड्डा पडतो तिथे दाबलं की कळवळतो. हे एक वाक्य चिठ्ठीवर आलं तर टेक्निशियन मनगट करंगळीकडे वळवून स्कॅफॉइडची, म्हणजे अंगठ्याच्या बाजूच्या मनगटातल्या छोट्या हाडाची, खास फिल्म घेतो. आणि ती निर्दोष दिसली तरी मी रिपोर्टात लिहिते की फ्रॅक्चर नाही असं समजू नका. हात बांधून ठेवा, १० ते १४ दिवसांनी पुन्हा फिल्म काढा किंवा एमआरआय करा. ते वाक्य नसेल तर मी ‘फ्रॅक्चर दिसत नाही’ एवढंच लिहिणार. मुलगा क्रेप बँडेज बांधून घरी जाणार. या हाडाला रक्तपुरवठा एका टोकाकडून होतो. निदान राहून गेलं तर कधी ते जुळतच नाही, कधी त्याचा तुकडा मरतो.

डॉक्टरांच्या बोटाला जे कळलं, ते माझ्यापर्यंत पोचलंच पाहिजे. ते कुठल्याच संचात नसतं.

खिडकी नंबर १:
मी नोंदणीला बसते. आमच्याकडे पेशंट आला की डॉक्टरांना भेटण्याआधीच एक्स-रे काढून ठेवतात. वेळ वाचतो. त्यात वाईट काय?

रिपोर्टवाली:
शस्त्रक्रियेनंतर ठरलेल्या दिवशी दाखवायला आलेल्यांसाठी काहीच वाईट नाही. काय बघायचं ते आधीच ठरलेलं असतं. पण नव्या पेशंटला? मुरगळलेल्या घोट्यासाठी ओटावा नियम १९९२ पासून आहेत. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या टोकाशी आणि मागच्या कडेवर बोटाने दाबून बघायचं, चार पावलं टाकता येतात का ते बघायचं. दोन्ही ठीक असेल तर घोट्याची फिल्म बहुधा लागतच नाही. पण त्यासाठी आधी कुणीतरी पायाला हात लावायला हवा! कंबरदुखीचंही तेच. ताप, पायातली ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, जोराचा मार, कर्करोगाचा इतिहास यांतलं काही नसेल तर पहिले सहा आठवडे फोटोची घाई नको. चाळिशीनंतर बहुतेकांच्या मणक्यात काही ना काही झीज दिसते, दुखत नसलेल्यांच्याही. मग माणूस त्या कागदालाच आजार समजून बसतो.

प्लास्टरवाला:
नव्या पेशंटबद्दल मान्य. आधी तपासणी, मग फिल्म. बाजू सक्तीची करा, त्यालाही माझी हरकत नाही. डाव्या-उजव्याची चूक ऑपरेशन थिएटरपर्यंत जाऊ शकते. पण ‘काय शोधताय’ हे प्रत्येक वेळी टाइप करायला लावू नका. स्कॅफॉइडचा संशय मी केसपेपरवर लिहितोच. तेच पुन्हा दुसरीकडे का लिहू?

क्षकिरण:
डॉक्टर, तुमचा केसपेपर मला दिसत नाही. माझ्या मशीनच्या पडद्यावर पेशंटचं नाव, वय आणि ‘मनगट’ एवढंच येतं. तुम्ही लिहिलेलं ते वाक्य आपोआप माझ्या आणि मॅडमच्या पडद्यावर येणार असेल, तर सक्तीचा आग्रह मी आज सोडतो. बोलून नोंदवा, एका ओळीत नोंदवा, कसंही. पण ती सोय होईपर्यंत रिकामी चिठ्ठी आली की मी पेशंटला बसवून ठेवीन आणि तुम्हाला फोन करीन.

प्लास्टरवाला:
करा. दोन पेशंटच्या मध्ये उचलेन.