स्वभावाला खरंच औषध नाही का?

उंबरठा:
मूल तापट निघालं की 'बापावर गेलंय', अभ्यासात मागे पडलं की 'डोकंच तेवढं', आणि शेवटी 'स्वभावाला औषध नाही' म्हणून विषय बंद. हे ऐकून मला फार वाईट वाटतं. माझं मत सरळ सांगतो: एखाद्या माणसाच्या वागण्यात जनुकं किती टक्के आणि परिस्थिती किती टक्के, हा प्रश्नच चुकीचा आहे.

फेनिलकीटोन्यूरिया, म्हणजे पीकेयू, हा आजार घ्या. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा एकाच जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आल्या, तर अन्नातल्या प्रथिनांतून येणारं फेनिलॲलनिन नावाचं अमिनो आम्ल शरीराला मोडता येत नाही. ते साचत जातं आणि मेंदूची वाढ खुंटते. नॉर्वेच्या आस्ब्यॉर्न फॉलिंग यांनी १९३४ मध्ये हा आजार ओळखला, तेव्हा त्यावर उपाय नव्हता. १९५०च्या दशकात हे आम्ल अगदी कमी असलेला आहार देऊन बघितला गेला. पुढच्या दशकात नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासणी सुरू झाली. आज पहिल्या काही दिवसांपासून तो आहार काटेकोरपणे पाळलेली मुलं शाळेत इतरांबरोबर शिकतात. जनुक तेच, तितकंच बिघडलेलं. मग या मुलाच्या बुद्धीत जनुकाचा वाटा किती टक्के? पथ्य पाळलं तर एक उत्तर, नाही पाळलं तर दुसरं.

शिसपेन्सिल:
उदाहरण सुंदर आहे, पण सोयीचं आहे. पीकेयू एका जनुकाचा खेळ. चिडखोरपणा, भिडस्तपणा, चिकाटी यांच्यामागे हजारो जनुकीय फरक असतात आणि प्रत्येकाचा परिणाम कणभर. तिथे एक पथ्य सांगून भागत नाही. जुळ्यांवरच्या ५० वर्षांच्या संशोधनाचा एकत्र आढावा २०१५ मध्ये आला. १ कोटी ४५ लाखांच्या आसपास जोड्या, १७,८०४ गुणधर्म, आणि आनुवंशिकतेची सरासरी ४९ टक्के. एवढा आकडा 'प्रश्नच चुकीचा' म्हणून बाजूला सारता येणार नाही.

आणि मी हे का बोलते तेही सांगते. माझ्या भावाला ऑटिझम आहे. १९५० आणि ६०च्या दशकांत डॉक्टर मंडळी आयांना सांगत की तुमच्या थंड वागण्यामुळे मूल असं झालं. 'रेफ्रिजरेटर मदर' असा शब्दच होता. १९७७ मध्ये २१ जुळ्या जोड्यांचा छोटासा अभ्यास झाला. एकसारख्या, म्हणजे जनुकं सारखीच असलेल्या, ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुलांना ऑटिझम होता, वेगवेगळ्या दिसणाऱ्या १० जोड्यांत मात्र एकातही नाही. तिथून आयांवरचा ठपका पुसला जाऊ लागला. तरीही त्यानंतर कितीतरी वर्षांनी एका डॉक्टरांनी माझ्या आईला विचारलं होतं, 'तुम्ही याला जवळ घेत नव्हता का?' ती ते शेवटपर्यंत विसरली नाही. 'सगळं संस्कारांवर असतं' या वाक्यानेही माणसं मोडतात, हे तुमच्या लेखात कुठेच नाही.

उंबरठा:
तुमच्या आईबद्दल वाचून गलबलून आलं. ती बाजू मी मांडलीच नव्हती, चूक मान्य.

पण ४९ टक्क्यांचा अर्थ बघू या. तो एका माणसाबद्दल नाही. एका समूहातल्या माणसामाणसांतल्या फरकांपैकी किती फरक जनुकीय फरकांशी जुळतो, एवढंच तो सांगतो, आणि तोही त्या काळापुरता, त्या परिस्थितीपुरता. उंचीची आनुवंशिकता ८० टक्क्यांच्या आसपास धरतात. तरी दक्षिण कोरियातल्या स्त्रियांची सरासरी उंची एका शतकात सुमारे २० सेंटीमीटरने वाढली. एवढ्यात कुठल्या समाजाची जनुकं बदलत नाहीत.

काळीमाती:
उंची म्हणजे वागणूक नव्हे, म्हणून वागण्याचंच उदाहरण देतो. पूर्व आशियात बऱ्याच लोकांमध्ये एएलडीएच-२ या जनुकाचं असं रूप असतं की दारू घेतली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळतं. साहजिकच ही माणसं दारूच्या आहारी कमी जातात. जपानमध्ये व्यसनी रुग्णांपैकी किती जणांकडे या रूपाची एक प्रत आहे हे तपासलं गेलं. १९७९ मध्ये २.५ टक्के, १९८६ मध्ये ८, १९९२ मध्ये १३. जनुक तिथेच होतं, संरक्षणही देत होतं. भोवतालचं पिणं बदललं तसं ते अपुरं पडत गेलं. पण दोन्ही प्रती त्याच रूपाच्या असलेला एकही जण त्या रुग्णांत सापडला नाही! म्हणजे भिंत एका जागी पक्की आणि दुसऱ्या जागी ढासळणारी. तुम्हा दोघांनाही यात काहीतरी मिळेल.

मात्र 'जनुक अधिक परिस्थिती' अशी सुटसुटीत गोष्ट ऐकली की मी सावध होतो. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या मुलांवरचा २००२ चा निबंध खूप गाजला: बालपणी छळ झालेल्या मुलग्यांपैकी ज्यांच्यात एमएओए हे मेंदूतली काही रसायनं मोडायला लागणारं जनुक कमी सक्रिय, ते पुढे जास्त आक्रमक निघाले. लगेच 'योद्धा जनुक' असं बारसं झालं. २००९ मध्ये इटलीतल्या एका खून खटल्यात असल्या जनुकांचा आधार घेऊन आरोपीची शिक्षा एक वर्षाने कमी केली गेली. आणि नैराश्याशी जोडल्या गेलेल्या अशाच १८ गाजलेल्या जनुकांची २०१९ मध्ये लाखो लोकांच्या माहितीवर फेरतपासणी झाली, तेव्हा त्यांतलं एकही टिकलं नाही. ना एकटं, ना परिस्थितीशी जोडून. त्या घाईने दिलेल्या निकालाचा मला आजही संताप येतो.

अर्धविराम:
रोमानियातल्या बुखारेस्टच्या अनाथालयांचा अभ्यास कुणी काढला नाही. दोन-अडीच वर्षांच्या आतली १३६ मुलं, त्यांतली निम्मी चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून त्यांचा सांभाळ करणाऱ्या दुसऱ्या कुटुंबांत पाठवली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी सरासरीने जास्त वाढली, आणि वयाची दोन वर्षं व्हायच्या आत गेलेल्यांची सर्वात जास्त. निवडच यादृच्छिक, त्यामुळे 'मुळातच हुशार मुलं नेली' असं म्हणायला जागा नाही. उशिरा गेलेल्यांचं पुरतं भरून निघालं नाही. इतकी वर्षं 'बघू, मोठं झालं की सुधारेल' म्हणणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

शिसपेन्सिल:
बुखारेस्ट मान्य, काहीही न वगळता. ज्या मुलाला कुणी उचलूनही घेत नाही, तिथे परिस्थिती हीच पहिली गोष्ट. जपानचं उदाहरणही पटलं, आणि 'एका माणसाचे टक्के' हा शब्दप्रयोग मी आजपासून सोडते.

पण बहुतेक मुलं तशा अवस्थेत वाढत नाहीत. साध्या, मायेच्या घरात वाढलेली दोन सख्खी भावंडं एक बोलकं आणि एक घुमं निघतं. प्रौढांच्या व्यक्तिमत्त्वावरचे जुळ्यांचे आणि दत्तक मुलांचे अभ्यास बघा: एकाच घरात वाढल्यामुळे माणसं एकमेकांसारखी झाली, असं त्यांत जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे अशा घरातली एखादी आई 'माझं कुठे चुकलं?' असं विचारत आली, तर मी तिला आधी हेच सांगेन की बाई, बहुधा तुझं काही चुकलेलं नाही. माझ्या आईला हे कुणी सांगितलं नव्हतं.