पहिल्यांदाच पाना धरणाऱ्याने घरी इंजिन खोलावं का?

सुटेपाने: समजा गाडी तेल पितेय, निळा धूर सोडतेय, पण आपण इंजिन कधी उघडलेलं नाही. माझं मत: जरूर खोलावं. बोअर (पिस्टन सरकतो ती गोल पोकळी) किती घासलाय, क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) गोल राहिलेत का, हे लेथवाल्याने मोजायचं. बोअरिंग (बोअर मोठा कापणं), होनिंग (त्याची भिंत घासून नीट करणं), हेड फेसिंग (हेडचा तळ सपाट करणं) हेही त्याच्याकडेच. घरी उरते जोडणी, आणि तिला लागते ती शिस्त. मेन आणि बिग एंडच्या कॅप (क्रँकची आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं धरणारी झाकणं) आपापसांत बदलून चालत नाहीत, म्हणून काढण्याआधीच क्रमांक आणि दिशा रंगाने लिहून ठेवा.

मायक्रॉन: असहमत. बेअरिंगमधली फट साधारण ०.०२५ ते ०.०५ मिमी असते. शेलच्या (बेअरिंगच्या अर्धगोल पट्टीच्या) पाठीमागे एक कण राहिला की शेल तिथे उचलला जातो, तेलाचा थर तुटतो आणि बेअरिंग जळतं. जोडताना यातलं काहीच दिसत नाही, ही खरी अडचण.

सुटेपाने: दिसतं की! प्लास्टिगेजचा (दाबला की चपटा होणाऱ्या मऊ धाग्याचा) तुकडा कोरड्या जर्नलवर क्रँकच्या लांबीच्या दिशेने ठेवा, कॅप पूर्ण टॉर्कला (ठरलेल्या आवळण्याच्या जोराला) आवळा, क्रँक जराही न फिरवता उघडा आणि चपटा झालेला धागा पाकिटावरच्या मापाशी ताडा. मग तो पुसून शेलच्या आतल्या बाजूला तेल लावा, पाठ कोरडीच हवी. पिस्टनभोवतीच्या रिंगचंही तसंच. पिस्टनने ती बोअरमध्ये सरळ ढकलायची आणि तोंडाची फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बघायची. ७५ मिमी बोअरला वरच्या रिंगची फट ०.३ मिमीच्या आसपास, पण शेवटचा शब्द मॅन्युअलचा. फट कमी पडली तर तापल्यावर टोकं भिडतात आणि रिंग बोअर ओरबाडते.

गॅस्केटभाऊ: मापांवर भांडताय, पण नवशिका फसतो बोल्टात. बऱ्याच इंजिनांत हेडचे बोल्ट ताणले जाणारे असतात: आधी टॉर्क, मग ठरलेले अंश आणखी फिरवायचे. ते सहसा पुन्हा वापरायचे नाहीत. ब्लॉकमधल्या बंद भोकात तेल किंवा कूलंट साचलेलं असेल तर बोल्ट आवळताना ते दाबलं जाऊन ब्लॉक तडकू शकतो, टॉर्क खोटा लागतो तो वेगळाच. आवळणी मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने.

मायक्रॉन: मान्य. पण मुळात खोलायचं कशासाठी? व्हॉल्व्हची सील कडक झाली तरी निळा धूर येतो, त्यासाठी क्रँकला हात लावायची गरजच नाही. आधी काँप्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेजने बघा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर तेल टाकून पुन्हा बघा. दाब चढला तर संशय रिंग-बोअरवर. नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. हा विचार न करता लोक इंजिन उतरवायला थेट चेनब्लॉक (साखळीचा उचल-यंत्र) लावतात.

सुटेपाने: हे पटलं. पण ही चाचणीही घरीच होते ना राव! टायमिंग (क्रँक आणि व्हॉल्व्हची जुळवणी) बसवल्यावर प्लग काढून क्रँक पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवा. अडलं तर जोर करू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला भिडत असेल. मग इंधन आणि इग्निशन बंद ठेवून, प्लगशिवायच, तेलाचा दाब येईपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारा.

मायक्रॉन: साध्या पेट्रोल इंजिनापुरता गप्प बसतो. कॉमन रेल डिझेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, इंधन देणारं) असेल तर माझा नकार कायम. तिथे रेलमध्ये दाब हजार बारच्या वरही जातो, आणि पाइप उघडताना गेलेली बारीकशी धूळही इंजेक्टरला पुरते.

गॅस्केटभाऊ: डिझेलला माझाही नकार. पेट्रोलला हो, पण टॉर्क रेंच आणि त्या मॉडेलचं मॅन्युअल हातात आल्यावरच.